कड्याची गाडी कुठवर जाते?

मंडळी, आपल्या कड्याला आता रेल्वेचे स्टेशन आहे. तुमच्यापैकी बरेच जण तिथे जाऊन आले असाल. कुणी गाडीत बसून नगरला गेले असाल. कुणी नुसती गाडी बघायला गेले असाल.

एके दिवशी रात्रीच्या वर्गात एका आजींनी मला विचारले, "गुरुजी, ही आपली गाडी नगरला जाऊन थांबती, का पुढंबी जाती?"

वर्गातली मंडळी हसली. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. आजींचा मुलगा पुण्याला कामाला आहे. आजींना त्याच्याकडे जायचे होते. आणि जायचे होते ते एकटीने.

आजींच्या त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच आजचा हा पाठ.

पहिली आगगाडी

आपल्या देशात माणसांना घेऊन जाणारी पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ या दिवशी धावली. ती मुंबईत बोरीबंदरहून सुटली आणि ठाण्याला पोचली. अंतर होते ३४ किलोमीटर. गाडीला १४ डबे होते. त्यांत सुमारे ४०० पाहुणे बसले होते. ओढायला तीन इंजिने होती. त्यांची नावे साहिब, सिंध आणि सुलतान. सुटताना २१ तोफा उडवल्या.

इंजिन वाफेवर चाले. पाणी तापवायचे, वाफ कोंडायची आणि त्या वाफेच्या जोराने चाके फिरवायची. चुलीवरच्या पातेल्याचे झाकण वाफेने उडते, ते आपण रोज बघतो. जोर तोच. फक्त तो कामाला लावला.

ही गाडी इंग्रजांच्या कंपनीची होती. तिचे नाव ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. लोक तिला जी. आय. पी. म्हणत. मुंबईत रेल्वे व्हावी म्हणून खटपट करणाऱ्यांत आपले जगन्नाथ शंकरशेट हेही होते. त्यांना लोक नाना शंकरशेट म्हणून ओळखतात.

रूळ कुणासाठी टाकले?

आता विचार करा. इंग्रजांनी एवढा खर्च का केला? तुमच्या-माझ्या सोयीसाठी? तसे नाही.

त्या वेळी लॉर्ड डलहौसी हा हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होता. त्याने १८५३ साली रेल्वेवर एक मोठे टिपण लिहिले. फौज लवकर हलवता यावी. आतल्या मुलखातला कापूस बंदरापर्यंत यावा. विलायती माल आतल्या बाजारात जावा. यासाठी त्याला रेल्वे हवी होती.

रेल्वे कंपन्यांना सरकारने हमी दिली होती. धंद्यात नफा कमी झाला, तरी शेकडा पाच टक्के व्याज मिळेलच. ते व्याज कुठून द्यायचे? सरकारी खजिन्यातून. आणि खजिना भरत होता रयतेच्या साऱ्यावर.

मुंबईहून आत यायचे तर सह्याद्री ओलांडावा लागतो. म्हणून दोन घाट फोडले. पुण्याकडचा बोरघाट १८६३ साली खुला झाला. नाशिककडचा थळघाट १८६५ साली खुला झाला. बोरघाटात एका वेळी चाळीस हजारांच्या आसपास मजूर राबत होते. त्यांत बायामाणसेही होती. पटकीच्या साथीत किती तरी मेले. आज आपण लोणावळ्याच्या बोगद्यातून जाताना खिडकीतून हात काढून हसतो-खिदळतो. तो डोंगर कुणी फोडला, हे ध्यानात असू द्यावे. आणि हात आतच ठेवावा.

पुढे रूळ वाढत गेले. १८७० साली मुंबई आणि कलकत्ता रुळांनी जोडले गेले. १८७१ साली मुंबई आणि मद्रास जोडले गेले.

नगरला गाडी आली, कडा तसाच राहिला

१८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. माणसे आणि जनावरे अन्नावाचून मेली. १८७८ सालीच दौंड ते मनमाड ही रेल्वे सुरू झाली. ती नगरवरून जाते. म्हणजे नगरला गाडी आली ती १८७८ साली.

दुष्काळात रुळांचा उपयोग काय, तो लोकांना तेव्हा दिसला. जिथे रूळ होते, तिथे बाहेरचे धान्य पोचू शकत होते. जिथे रूळ नव्हते, तिथे बैलगाडीची वाट बघावी लागे. आणि दुष्काळात बैल तरी कुठून चालणार? पण दुसरी बाजूही सांगतो. त्याच दुष्काळात देशातले धान्य परदेशी जातही होते. रूळ दोन्हीकडे जातात. धान्य आणायचे की न्यायचे, ते रूळ ठरवत नाहीत. ते सत्ता ज्याच्या हाती, तो ठरवतो.

नगर इथून लांब नाही. मग गाडी कड्याला का नाही आली?

त्या काळी नगर इंग्रजांच्या मुलखात होते. आपला आष्टी तालुका निजामाच्या राज्यात होता. मधे हद्द होती. हद्दीवर करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे नाके असत. नाणेही वेगळे होते. निजामाचा हाली शिक्का इकडे चाले. रुळांनाही राज्याची हद्द दिसे. इंग्रजांचे रूळ बंदराकडे पाहत होते. निजामाचे रूळ हैदराबादकडे पाहत होते.

निजामाच्या राज्यात पहिली रेल्वे १८७४ साली वाडी ते सिकंदराबाद अशी झाली. पुढे १९०० सालच्या सुमारास मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत हैदराबादला जाणारा मार्ग झाला. औरंगाबादचे नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे. दक्षिणेला १८९७ साली बारशी लाईट नावाची छोटी गाडी सुरू झाली. तिचे रूळ १९११ साली लातूरला पोचले.

बघा, पश्चिमेला नगरची गाडी. उत्तरेला जालन्याची. दक्षिणेला बारशीची. तिन्ही बाजूंनी शिट्टी वाजत होती. मधे आष्टी, पाटोदा, बीड मात्र कोरडेच राहिले. पुढे परळीला गाडी आली. परळी आपल्याच जिल्ह्यात, पण पार दुसऱ्या टोकाला.

मोठे रूळ, लहान रूळ

आता एक गंमत सांगतो. खरे तर ती गंमत नव्हती, हमालांच्या पाठीचा प्रश्न होता.

सगळे रूळ सारख्या रुंदीचे नव्हते. मुंबई-नगरकडचे रूळ रुंद होते. दोन रुळांमधले अंतर साडेपाच फूट. त्याला ब्रॉडगेज म्हणतात. मनमाड ते हैदराबाद या मार्गाचे रूळ अरुंद होते. अंतर एक मीटर. त्याला मीटरगेज म्हणतात. बारशी लाईटचे रूळ त्याहून लहान. अंतर फक्त अडीच फूट. त्याला नॅरोगेज म्हणतात.

मग व्हायचे काय? जालन्याचा कापूस मनमाडला आला, की पोती एका डब्यातून उतरवायची आणि दुसऱ्या डब्यात चढवायची. कारण लहान रुळांचा डबा मोठ्या रुळांवर चालत नाही. कुर्डुवाडीला बारशी लाईटचे तसेच. वेळ गेला, हमाली गेली, माल सांडला तो वेगळा.

यावरून एक गोष्ट शिकावी. रूळ किती लांब, एवढेच बघून भागत नाही. तो कुठे जुळतो, ते बघावे. पुढे हे सगळे मार्ग ब्रॉडगेज झाले. आता तिथे पोती उतरवावी लागत नाहीत.

रेल्वे देशाची झाली

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. १९४८ साली निजामाचे राज्य संपले. १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तीचा दिवस आपण पाळतो. इंग्रज कंपन्यांची आणि संस्थानांची रेल्वे एकत्र केली. १९५१ साली जी. आय. पी., निजामाची रेल्वे आणि आणखी काही संस्थानांच्या रेल्वे मिळून मध्य रेल्वे तयार झाली. कड्याची गाडी मध्य रेल्वेचीच आहे.

१९५१ च्या सुमारास देशात सुमारे साडेत्रेपन्न हजार किलोमीटर लांबीचे रेल्वेमार्ग होते. आता ते सुमारे एकोणसत्तर हजार किलोमीटर आहेत. १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली. २०२५ साली काश्मीरच्या खोऱ्याला उरलेल्या देशाशी जोडणारा मार्ग पुरा झाला. तिथे चिनाब नदीवरचा पूल नदीच्या पात्रापासून ३५९ मीटर उंच आहे.

कड्याला गाडी येते

नगर ते बीड ते परळी असा मार्ग व्हावा, ही आपल्या भागाची फार जुनी मागणी. केशरबाई क्षीरसागर, गोपीनाथ मुंडे यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी ती दिल्लीपर्यंत लावून धरली. लोकांनी मोर्चे काढले, उपोषणे केली. १९९५-९६ साली या मार्गाला मंजुरी मिळाली. लांबी २६१ किलोमीटर. खर्चाचा पहिला अंदाज सुमारे ३५३ कोटी रुपये. पुढे खर्च वाढत वाढत ४८०० कोटींवर गेला. निम्मा खर्च केंद्र सरकारचा आणि निम्मा महाराष्ट्र सरकारचा, असे ठरले.

मंजुरी मिळाली म्हणजे गाडी आली असे नाही. जमिनी घ्याव्या लागतात. पैसा दर साली मिळावा लागतो. पूल बांधावे लागतात. वर्षे गेली. मागणी करणारे कित्येक जण गाडी न बघताच गेले.

अखेर २३ सप्टेंबर २०२२ या दिवशी नगर ते आष्टी ही गाडी सुरू झाली. अंतर ६६ किलोमीटर. नगरहून निघाले की नारायणडोह, लोणी, सोलापूरवाडी, धानोरा, मग कडा आणि मग आष्टी. १७ सप्टेंबर २०२५ या दिवशी, म्हणजे मुक्तिदिनालाच, गाडी बीडपर्यंत गेली. बीड ते परळी हा भाग पुरा व्हायचा आहे.

आता हिशेब करा. नगरला गाडी आली १८७८ साली. कड्याला आली २०२२ साली. २०२२ वजा १८७८ बरोबर १४४. एवढ्याशा अंतरासाठी एकशे चव्वेचाळीस वर्षे!

जमिनीवर नकाशा काढू

आता आजींच्या प्रश्नाकडे येऊ. एक काडी घ्या आणि मातीवर माझ्याबरोबर काढा.

पोरे चिंचा पाडायला बेचकी करतात, ती डोळ्यापुढे आणा. बेचकीचा दांडा म्हणजे मुंबई ते कल्याण. कल्याणला दोन फांद्या फुटतात.

वरची फांदी कसारा घाट चढून नाशिक आणि मनमाडला जाते. तिथून पुढे भुसावळ. भुसावळहून एक वाट नागपूर करून कलकत्त्याकडे, म्हणजे आताच्या कोलकात्याकडे जाते. दुसरी वाट इटारसी करून दिल्लीकडे जाते.

खालची फांदी बोरघाट चढून पुणे आणि दौंडला जाते. तिथून पुढे सोलापूर आणि वाडी. वाडीहून एक वाट हैदराबादकडे जाते. दुसरी वाट रायचूर करून मद्रासकडे, म्हणजे आताच्या चेन्नईकडे जाते.

बेचकीच्या दोन फांद्यांना आपण रबर बांधतो. तो रबर म्हणजे मनमाड ते दौंड हा मार्ग. आणि रबराच्या मधे, जिथे खडा धरतात, तिथे आहे नगर. त्या नगरहून पूर्वेला जी रेघ निघते, ती आपली. कडा, आष्टी, बीड.

आता आले ध्यानात? कड्याची गाडी नगरला पोचते. पण रूळ तिथे थांबत नाही. नगरहून खाली गेलात तर दौंड, पुणे, मुंबई, सोलापूर, चेन्नई. वर गेलात तर मनमाड, नाशिक, नागपूर, दिल्ली. मधे गाडी बदलावी लागेल, पण रूळ तुटत नाही.

आणि बीड ते परळी पुरे झाले, की आणखी एक गोष्ट होईल. परळीहून परभणीला रूळ आहेच. परभणीहून मनमाडला आहे. मनमाडहून नगरला आहे. म्हणजे नगर, बीड, परळी, परभणी, मनमाड आणि पुन्हा नगर असे हातातल्या कड्यासारखे गोल कडे पुरे होईल. त्या कड्यातला एक मणी आपला कडा.

दौंडला चुकलेली वाट

नकाशा कळला, तरी एक गोष्ट उरते. ती माझ्या घरातली आहे.

१९७२ साली मोठा दुष्काळ पडला. मी तेव्हा शाळेत होतो. माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणत असू, मुंबईला कामाला निघाले. ओळखीच्या मुकादमाने एक जागा राखून ठेवली होती. अमुक दिवशी हजर व्हायचे, असा निरोप होता.

तात्या एस. टी. ने नगरला गेले. नगरहून आगगाडीने दौंडला गेले. दौंडला उतरून मुंबईकडची गाडी धरायची होती. तात्यांना अक्षर येत नव्हते. फलाटावर एक गाडी उभी होती. त्यांनी एकाला विचारले, "ही मुंबईची गाडी का वो?"

तो म्हणाला, "व्हय, मुंबईचीच."

तात्या चढले. गाडी सुटली. कुर्डुवाडी आली तेव्हा कळले, की गाडी सोलापूरकडे चालली आहे. तो माणूस खोटे बोलला नव्हता. गाडी मुंबईचीच होती. पण ती मुंबईहून आलेली होती, मुंबईला जाणारी नव्हती.

तिकीट तपासणाराने दंड घेतला. जवळचे पैसे संपले. तात्या दोन दिवस उशिरा मुंबईला पोचले. जागा दुसऱ्याला दिली गेली होती. त्या साली आमच्या घरात चूल किती वेळा पेटली नाही, ते मी सांगत बसत नाही.

म्हणून मंडळी, प्रश्न नीट विचारावा. "ही गाडी कुठली?" असे विचारू नये. "ही गाडी कुठे जाते?" असे विचारावे. आणि विचारून झाले, तरी आपल्या डोळ्यांनी वाचून घ्यावे.

काय वाचावे?

पहिले, स्टेशनाची पाटी. आपल्या भागात त्यावर नाव मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत असते. मराठी आणि हिंदीची अक्षरे एकच. म्हणजे तुम्हाला दोन ओळी वाचता येतात.

दुसरे, गाडीचा अंक. प्रवासी गाडीला पाच आकडी अंक असतो. जाणाऱ्या गाडीचा अंक वेगळा आणि त्याच मार्गाने परत येणाऱ्या गाडीचा वेगळा. डब्यावरच्या पाटीवर दोन्ही टोकांची गावे लिहिलेली असतात. तेवढ्यावरून दिशा कळत नाही. अंकावरून कळते. तात्यांना अंक वाचता आला असता, तर ते चुकले नसते.

तिसरे, फलाटाचा क्रमांक. तो फलाटावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असतो. ऐन वेळी फलाट बदलला तर भोंग्यावर सांगतात. तिकडे कान ठेवावा.

अडचण आली, तर फोनवरून १३९ हा अंक लावावा. तो रेल्वेच्या मदतीचा अंक आहे. आणि घाई कितीही असो, रूळ ओलांडून पलीकडे जाऊ नये. पुलावरूनच जावे. गाडी चुकली तर दुसरी येते.

आजी पुण्याला गेल्या

हा पाठ मी वर्गात शिकवला. त्यानंतर आजींनी आठ दिवस एकच काम केले. पाटीवर "कडा, नगर, दौंड, पुणे" ही चार नावे रोज गिरवली. पाच आकडी अंक वाचायचा सराव केला. नगर स्टेशनाच्या पाटीवर आता "अहिल्यानगर" असे नाव आहे. तेही त्या अडखळत वाचायला शिकल्या. मग एका सकाळी पिशवी घेऊन निघाल्या.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. मी विचारले, "आजी, वाटंत कुणाला विचारावं लागलं का?"

आजी म्हणाल्या, "इचारलं की! पर आधी वाचलं, अन् मग इचारलं. त्यो माणूस बरोबर सांगतोय का न्हाई, ते बघाया."

ध्यानात ठेवा

१८५३: मुंबई ते ठाणे पहिली प्रवासी गाडी.
१८७८: दौंड ते मनमाड मार्ग. नगरला गाडी आली.
१९५१: मध्य रेल्वे तयार झाली.
२०२२: कडा आणि आष्टीला गाडी आली.
२०२५: बीडला गाडी आली.

शब्दांचे अर्थ

रयत: राजाची प्रजा, शेतकरी लोक.
सारा: जमिनीवरचा सरकारी कर.
पटकी: कॉलरा, जुलाब-उलटीची साथ.
करोडगिरी: निजामाच्या राज्यातली जकात.

सांगा पाहू

१. इंग्रजांना रेल्वे कशासाठी हवी होती?
२. मनमाडला पोती एका डब्यातून दुसऱ्या डब्यात का घालावी लागत?
३. नगरला गाडी आल्यावर किती वर्षांनी कड्याला आली?
४. तात्यांनी कोणता प्रश्न विचारायला हवा होता?
५. मातीवर बेचकीचा नकाशा काढा. त्यात मुंबई, कल्याण, मनमाड, दौंड, नगर आणि कडा ही नावे लिहा. मग घरातल्या एका माणसाला तो समजावून सांगा.